चारी चाकं फिरत्यात!

आप्पा मिस्त्रीवर माझा पहिल्यापासनंच भरवसा न्हवता बघा. माझ्या नव्या छोट्या मोटारीची पुढची दोनच चाकं ओढायची, म्हणून सदलग्याच्या मळ्याकडं चिखलात ती रुतायची. हा निपाणीचा मिस्त्री म्हणाला, "मागं जुन्या जीपचा आक्सेल, म्हंजे चाकं फिरवणारा दांडा, बसवतो. चारी चाकं ओढतील."

काम झाल्यावर मी विचारलं, "खरंच चारी फिरत्यात न्हवं, आप्पा?"

"जॅकवर बघा की अण्णा!"

वाकून एकेक चाक बघितलं. फिरत होतं. तरी मनात पाल चुकचुकलीच.

गाडी जॅकवरनं खाली उतरवून गिअर टाकला. इंजिन बोंबललं, पण गाडी जागची हलंना. आक्सेल उलटा बसवलेला! पुढची चाकं पुढं पळायला बघत्यात, मागची मागं.

मी भडकलो. आप्पा शांतपणे म्हणाला, "पुढची महाराष्ट्रात जाऊया म्हणत्यात, मागची कर्नाटक सोडंनात. सीमाप्रश्न हाय अण्णा, मिस्त्री काय करणार?"