दोरीची गाडी, सेल्फची गाडी

माझं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडं, आणि सासर तिथून चालत जाण्यासारखं, म्हणजे लग्न झालं तेव्हा मी काही फार लांब गेले नव्हते. लांब गेले ते नंतर, कारण आमचे हे फौजेत. गाड्यांचे मेकॅनिक. दिल्ली कॅन्टला क्वार्टर मिळालं आणि मी ट्रंक घेऊन निजामुद्दीनला उतरले तेव्हा मला हिंदीत पाणी मागायचं ठाऊक नव्हतं, आता भाजीवाल्याशी भांडते तेव्हा तोच म्हणतो, बस करो आंटी. मीनल, आमची मुलगी, इथंच झाली, इथंच शिकली. आणि हे? हे वर पहाडात, बर्फात. फॅमिली खाली कूलरपुढं, माणूस वर शेकोटीपुढं, असा आमचा संसार.

सुट्टीवर आले की बर्फावरच्या स्कूटरच्या गोष्टी. तुम्ही पाहिलीय का? पुढं घसरायला दोन पट्ट्या असतात, मागं रणगाड्याला असतो तसा पट्टा, पण रबरी, आणि माणूस मोटारसायकलवर बसल्यासारखा बसतो. आता ह्या स्कूटरमध्ये दोन जाती. एक दोरीची, म्हणजे मूठ धरून जोरात ओढायची, मग इंजिन पेटतं. दुसरी सेल्फची, बटण दाबलं की झालं. आणि ह्यांचा सगळा जीव दोरीच्या गाडीवर. सेल्फ आलं की बॅटरी आली, मोटर आली, वजन वाढलं, गाडी चढावर बर्फात रुतते, आणि थंडीत बॅटरी झोपते ते वेगळंच, दोरीला काय थंडी वाजते का, असं म्हणायचे. मी आपली कणीक मळता मळता हो हो करायची. मला काय, मी बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रिजमधला.

रिटायर झाल्यावर गावी जायचं ठरलेलं, पण मीनलचं कॉलेज होतं, आणि खरं सांगू का, माझंही मन रमलं होतं. दिल्लीतच पालममध्ये घर घेतलं भाड्यानं, खाली मी फॉल-पिकोचं दुकान टाकलं. ह्यांना गुडगावला एका वर्कशॉपात काम मिळालं. पहाडातल्या हॉटेलवाल्यांच्या स्कूटरी उन्हाळ्यात तिथं दुरुस्तीला येतात, ट्रकमधून, पंचेचाळीस डिग्रीत घामाघूम होऊन हे बर्फाची गाडी खोलून बसलेले, बघून हसूच येतं. आणि थंडीत हे मनालीच्या वर एका हॉटेलात, ठाकूरसाहेब म्हणून मालक आहेत, त्यांच्या गाड्या सांभाळायला. माझ्या दुकानात त्या वेळी छोटा जनरेटर होता, दोरी ओढायचाच. लाइट गेली की मी ओढायची. पहिल्या पहिल्यांदा हात नुसता झणझणायचा, मग कळलं की आधी हळू ओढून बघायचं, कुठं अडतंय ते हाताला लागतं, आणि तिथून झटका द्यायचा. हे कुणी शिकवलं नाही, शेजारच्या मोबाइलवाल्याला हाका मारायचा कंटाळा आला म्हणून आपोआप आलं.

तर ह्यांचा खांदा. इतकी वर्षं दोऱ्या ओढून ओढून उजवा खांदा सैल झाला होता. दोनदा निखळला. डॉक्टरांनी सांगितलं, झटक्याचं काम बिल्कुल बंद. हे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच. त्यात ठाकूरसाहेबांनी सेल्फची नवी गाडी आणली. चांगल्या मनानं आणली हो, ह्यांचा खांदा बघूनच आणली असणार. पण ह्यांना वाटलं, म्हातारा झालो म्हणून बटणाची गाडी दिली. फोनवर चार चार दिवस नीट बोलेनात. मी म्हटलं हे काही खरं नाही, आणि त्या जानेवारीत हे चार दिवस घरी आले, तेव्हा परत जाताना दुकानाला कुलूप लावून मी पण ह्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. म्हटलं, मला बर्फ दाखवा. खरं म्हणजे मला माणसावर नजर ठेवायची होती.

काय सांगू तुम्हाला तो बर्फ! टीव्हीवर दिसतो तसा नसतोच तो. त्याला एक वास असतो, आणि सगळं इतकं गप्प असतं की आपलाच श्वास मोठा वाटतो. दोन दिवस मी नुसती खिडकीत. तिसऱ्या दिवशी दुपारी हे म्हणाले चल, वरच्या टेकाडावरून सगळी दरी दिसते. नवी गाडी दारातच उभी होती, पण ह्यांनी जुनी काढली, दोरीची. मी म्हटलं, अहो, बटणाची घ्या ना. तर म्हणाले, त्या खेळण्यावर मी बायकोला नेणार नाही.

वर गेलो. गाडी बंद केली, कारण शांतता ऐकायची होती, थर्मासमधला चहा प्यालो, फोटो काढले. दरी दिसली, मन भरलं. तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून ढग उतरायला लागले. हे म्हणाले निघू, इथं ढग आले की समोरचं काही दिसत नाही. गेले, मूठ धरली, ओढली. नाही झाली सुरू. परत ओढली, आणि एकदम खाली बसले. चेहरा पांढरा. हात असा लोंबकळलेला. मला सांगावं लागलं नाही, खांदा निखळला होता.

फोनला रेंज नाही. हॉटेल खाली, दिसत होतं काडेपेटीएवढं, पण चालत जायचं तर पाय मांडीपर्यंत आत जायचा. मी आधी माझी शाल सोडून ह्यांचा हात गळ्यात बांधला. मग त्यांना धरून गाडीवर बसवलं आणि मूठ हातात घेतली. हे दात आवळून सांगायला लागले, चोक ओढ, पाय असा ठेव, कमरेतून ओढ, अगं तशी नाही. मी ओढते, ती फुर्र करते आणि मरते. ओढते, मरते. परत हे सुरू, अगं तशी नाही. शेवटी मी म्हटलं, तुम्ही गप बसा, मला हाताला कळू द्या.

मी हळू ओढून बघितलं, जनरेटरसारखंच अडत होतं. पण पेट्रोलचा वास भसाभसा येत होता. मी म्हटलं, हिला पेट्रोल जास्त झालंय का हो? तेव्हा ह्यांनी चोक बंद करायला सांगितला आणि डाव्या हातानं स्वतः अॅक्सिलेटर दाबून धरला. तो उजवीकडं असतो, अंगठ्यानं दाबायचा, म्हणजे अंग वाकवून, केवढ्या कळा आल्या असतील, पण धरला. मी दोन्ही हातांनी ओढली. खोकली. परत ओढली, आणि भडाभडा धूर काढून सुरू झाली बाई. मी तिथंच रडायला लागले. हे म्हणाले, रड नंतर, आधी बस.

गाडी चालवायची मीच. आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. हे मागं, एका हातानं माझं जॅकेट धरलेलं, कानाशी सांगतायत, अंगठा कमी दाब, ब्रेक हळू, आपण वर आलो तो माग सोडू नको. ढग आले, तरी तो माग दिसत होता, मी त्याच्यावरनं नजर काढलीच नाही. हॉटेल गाठलं, तिथून ह्यांना खालच्या दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी खांदा बसवला तेव्हा हे ओरडले ते अख्ख्या गावानं ऐकलं असेल. मीनलला फोन केला, म्हटलं पप्पांचा खांदा निखळला, तर ती म्हणते, आई, निखळला मतलब? आता ह्या पोरीला काय सांगायचं. मी म्हटलं, उतर गया. मग लागली रडायला.

दुसऱ्या दिवशी हे जरा खुशीत. म्हणाले, बघितलंस ना, शेवटी दोरीनंच आणलं. मी म्हटलं, दोरीनं नाही आणलं, मी आणलं. दोरीनं तुमचा खांदा काढला. दुपारी मी खिडकीतून बघते तर हे नव्या गाडीपाशी, इकडं तिकडं बघतायत कुणी आहे का, आणि मग बसले आणि बटण दाबलं. लगेच सुरू झाली. बंद केली, परत दाबलं. लहान मुलं लिफ्टचं बटण दाबतात ना, तसं चाललं होतं. मी खिडकीतून बाजूला झाले. माणसाला अशा वेळी एकटं सोडावं.

त्यांनी ठाकूरसाहेबांना स्वतः जाऊन सांगितलं की सेल्फची गाडी चांगली आहे, मी उगीच नावं ठेवत होतो, फक्त त्यातली दोरी काढू नका, बॅटरी बसली तर हाताशी असू दे. साहेब म्हणाले, ती कंपनीनं दिलेलीच आहे, आणि दोघं खूप हसले. खांद्याचं ऑपरेशन इथं दिल्लीत झालं त्याच उन्हाळ्यात. आता हे डबा उचलतात, केस विंचरतात, मूठ मात्र ओढायची नाही.

म्हणून आता दर थंडीत मी पण जाते. सकाळी हे सेल्फची गाडी सुरू करतात आणि जुनी मी करते, आणि पंजाबातनं आलेल्या नव्या नवऱ्या मुली फोटो काढतात, आंटी एक बार और. एकीनं मला शिकवा म्हणून हट्ट धरला, तिला शिकवलं, तिच्या हातून गाडी सुरू झाली तेव्हा तिनं मला मिठीच मारली. दुकान तेवढे दिवस शेजारीण बघते. गुडघे कुरकुरतात, नाही असं नाही, आणि आणखी किती थंड्या जमतील ते देवाला ठाऊक. यंदाची तिकिटं काढलीत. तुम्हीपण या कधीतरी वर, लोकरीचे मोजे दोन जोड आणा, एकानं भागत नाही. सुखी राहा.