हळदीची कट्यार

नाव मी घ्यायची नाही, हवालदारदादा — तुमच्या हातातल्या तारेत आहे ना, रंगनाथ, तेच आमचे हे — बघा, घ्यायला लावलंतच शेवटी. बसा तरी. शेवगावपासून उन्हातून सायकल हाणत आलात, टोपी काढा, चहा टाकलाय. सासूबाई रानात गेल्यात, त्यांना यातलं काही कळलेलं नाही, तोवर विचारून घ्या.

काय म्हणतात मुंबईचे पोलीस — हा माणूस खरंच नवरदेव आहे का? आहे की. हा माझा हात बघा, अजून पिवळा. सोमवारी लग्न, गुरुवारी विमान आणि हळद फेडायची शुक्रवारी — आफ्रिकेतल्या साखर कारखान्याला बॉयलरवर माणूस हवा होता, ते काय आमचं पंचांग बघणार? आणि विमानतळावर पिशवीत कट्यार सापडली. सापडणारच. अंगावर हळद असेस्तोवर नवऱ्या मुलाने लोखंड सोडायचं नसतं. तुम्हीही मिरवली असेल की, टोकाला लिंबू खोचून — लाजता काय? पण मुंबईच्या साहेबांना ते लिंबू कोण समजावणार. गेल्या वर्षी ते विमान लाहोरला पळवून नेलं ना, तेव्हापासून म्हणे ज्याच्या त्याच्या पिशवीत हात घालतात. म्हणजे आमचे हे विमान पळवणार — यांना वरातीतला घोडा आवरेना, तो वेशीतूनच मागे वळला.

कट्यार सासूबाईंची. लिहा, केशरबाई. "लोखंड सोडू नगंस बाबा, लई वरनं जायचं हाय, तितं काय काय फिरत असतं" — दहादा बजावलं. त्यांचा काय दोष? नजर इतकी अधू की सुईत दोरासुद्धा मी ओवून देते, नियमांचा कागद त्या कुठून वाचणार? तो मीच वाचून दाखवला, मांडवात बसून. यांना पाहुण्यांतून सवड नाही, म्हणाले, तूच वाच, तू मॅट्रिक आहेस. गमतीचा कागद हो — समुद्रात उतरायची वेळ आली तर जाकीट कसं फुगवायचं, धूर झाला तर कुठल्या दाराने पळायचं. तिकिटाच्या मागे तर कायदाच छापलेला: माणूस गेला तर भरपाई एवढी, पेटी हरवली तर किलोवर. मी म्हटलं, तुम्ही पेटीतच बसा, वजन चांगलं भरेल. हसले नाहीत. बाकी सगळं वाचून दाखवलं, एक ओळ सोडून —

चहा घ्या ना. साखर कमी पडली का?

कुठली ओळ — असंच, काहीतरी शस्त्राबिस्त्राचं. राहून गेली. काय? अस्तरात शिवलेली होती, असं आलंय तारेत? मग शिवली असेल कोणीतरी. माझ्या बोटांकडे काय बघता, हळद आहे ती.

यांनी काय सांगितलं — "मला ठाऊकच नव्हतं"? आणि साहेबांचा विश्वास नाही. म्हणजे यांनी तिथंच मुंबईत चुलत्याकडे राहायचं, रोज चौकीवर हजेरी द्यायची. इथून खुलासा गेला नाही तर खटला, आणि गेला तर पुढच्या गुरुवारच्या विमानात बसवतील — दोन वर्षांसाठी.

मला वाटलं होतं, नुसतं अडवतील. रागावतील, परत पाठवतील — चुकलं विमान, या घरी. शुक्रवारी दोघं मिळून हळद फेडू, एकमेकांच्या अंगावर पाणी घालू, मग जा म्हणावं कुठं जायचंय तिथं. एक दिवस हवा होता, दादा. चौकीवर बसवतील, असं त्या कागदात नव्हतं — का होतं, आणि मीच पुढचं वाचलं नाही, कोण जाणे.

लिहा. शिवण माझी. दोरा हिरवा, लग्नातल्या चोळीचा, टाका दुहेरी. नियम वाचला होता, यांना सांगितला नव्हता. अंगठा नको, सही करते. आणि एक विचारू? माणूस गेला, पेटी हरवली, सगळ्याला कलम आहे; हळद फेडायची राहिली, त्याला आहे काही तुमच्या पुस्तकात? नाही ना. वाटलंच.

त्या बघा, सासूबाई आल्या बांधावरून. कागद खिशात घाला. विचारलंच तर म्हणा, कोंबडीचोरीची चौकशी होती. निघा आता — आणि सायकल सावकाश चालवा, दादा. रस्ता फार खराब आहे.