रोज ओला सापडणारा ट्रेलर

कुणीतरी माझ्या ट्रेलरचे नट घट्ट करतंय! हसू नका. ढिले करतंय म्हटलं असतं तर मी समजू शकलो असतो, चांगलं काम करणाऱ्याचे नट ढिले करायला या शहरात माणसं रांग लावतील... पण घट्ट? मी शुक्रवारी डावं चाक डुगडुगतं सोडून जातो, शनिवारी येऊन बघतो तर चाक सरळ! वर ग्रीस लावलेलं! आता तुम्हीच सांगा, संशय येणार की नाही?

तुम्हाला सांगतो, ट्रेलर बनवायची मला काही हौस नव्हती. आमचा कयाकचा क्लब आहे, कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, निमुळती होडी, दोन आहेत आमच्याकडं, आणि त्या धरणावर, नाथसागरावर न्यायच्या म्हणजे पैठणपर्यंत पन्नास किलोमीटर... छोटा हत्ती ठरवायला गेलो तर ड्रायव्हर म्हणतो, "पाण्याच्या टाक्या टाकायल्यात साहेब, होडीला टाइम कुणाला हाय?" शहरातला झाडून सगळा टेम्पो पाणी वाहतोय! आणि लोक मलाच ऐकवतात, "नळ आठ दिवसांनी येतो, अन् तुला होड्या सुचतात?" अहो, म्हणूनच सुचतात! ज्या पोरांनी पाणी फक्त हंड्यात बघितलंय त्यांनी जन्मात एकदा पाण्यावर बसावं की नाही? डोंगरापर्यंत प्लॉट पडले, मॉल झाले, पण... जाऊ द्या. मी सुरू झालो की थांबत नाही.

तर भंगारातली स्कूटरची चाकं आणली, जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे आणले, लोखंडी अँगल आणले, आणि सोसायटीच्या गेटात सेक्रेटरी श्रीनिवासकाका आडवे! "हे इथं नको. उद्या टँकर आणून लावशील." टँकर! आता आमच्या सोसायटीत चार अँगल एकत्र दिसले की टँकर दिसतो! म्हणून मुकुंदवाडीत फकिरामामाच्या वेल्डिंगच्या दुकानामागं, मोकळ्या जागेत काम मांडलं. आणि तिथूनच सगळं सुरू झालं. मामा म्हणतो, "सर, पाटे अजून दोन टाका." म्हटलं, मामा, एक कयाक वीस किलोची आहे, दोन म्हणजे चाळीस. "असू द्या की. वजन काय सांगून येतं व्हय?" अन् टाकले! फुकट टाकले! फुकट काम करणारा वेल्डर तुम्ही बघितलाय कधी? संशय येणार की नाही?

पुढं ऐका. ट्रेलर रोज ओला! उन्हाळा, आभाळात ढग नाही, बायका भांडी राखेनं घासून पुसून ठेवतायत, आणि माझा ट्रेलर ओला! इतकं पाणी आहे कुणाकडं? वर गोल गोल डाग, हे एवढे, परातीएवढे. श्रीनिवासकाका असतील? पण ते हात काळे करणार नाहीत. माझा दोस्त सुयश? त्याला पाना कोणत्या बाजूनं धरतात तेही माहीत नाही. मी दुपारी कॉलेजात शिकवायला गेलो की काहीतरी होतं, एवढं नक्की. मामाला विचारलं तर मामा चष्मा लावून वेल्डिंग केल्यासारखं करायला लागला. बंद मशीनवर!

आणि रविवार डोक्यावर. रविवारी दहा वाजता नाथसागरावर राज्याच्या संघाची निवड. दुकानामागच्या गल्लीतली आमची सरिता, सगळ्यात जोरात वल्हवणारी पोरगी, डिसेंबरात अठरा पुरे, मग अठराच्या आतल्या गटात नाव घेत नाहीत. म्हणजे हा रविवार शेवटचा! अन् तिची आई चंपाबाई, कितीदा विनवलं, तिचं एकच, "ही गेली तर पाणी कोण भरील?"

रविवारी सहाला सुयशच्या मामांची जीप घेऊन पोचतो, तर काय... ट्रेलर गायब! मी ओरडत कोपऱ्यावर गेलो. तिथं टँकर. टँकरसमोर अख्खी गल्ली. आणि गल्लीसमोर माझा ट्रेलर, त्यावर पन्नास-पन्नास लिटरचे चार निळे ड्रम, काठोकाठ, दांडी धरून कोण? सरिता!

"पाचच मिनिटं सर," म्हणाली. "टँकर दुपारचा असतो, आज सकाळीच आला. अन् नट मीच आवळते. तुमचे ढिले राहतात."

माझे! ढिले! मी म्हणालो, खाली करा ते ड्रम! चंपाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कर बरं खाली. वत रस्त्यावर."

'पाणी वाचवा' म्हणून कॉलेजात पथनाट्यं करणारा मी... ओतणार? धरली दांडी दुसऱ्या बाजूनं! सहा खेपा! सुयश मागून ढकलतोय, फकिरामामा पुढं पळत म्हशी हाकलतोय, साडेआठला शेवटचा ड्रम उतरवला, कयाक चढवल्या, सरिताला बसवलं अन् जीप पळवली.

नाथसागरावर जाऊन बघतो तर सागर कुठाय? पाणी अर्धा किलोमीटर आत सरकलेलं, मधे नुसता भेगाळलेला गाळ. बाकीचे संघ होड्या खांद्यावर घेऊन धापा टाकतायत. सरितानं ट्रेलर जीपपासून सोडवला, दांडी धरली अन् चालायला लागली. चाळीस किलो! तिला ते वजन वाटेचना! पाण्यात उतरली तेव्हा बाकीच्या पोरी दमलेल्या, ही नुकती कुठं तापलेली. पहिली आली. पहिली! परीक्षकांनी विचारलं, "खांद्यांचा सराव कुठं घेतला?" मी ट्रेलरकडं बोट दाखवलं.

आता पुढचं शिबिर भोपाळला, पूर्ण एक महिना. येताना रस्ताभर मी भाषण तयार केलं, मुलींचं शिक्षण, हक्क, आत्मसन्मान, सगळं. गल्लीत उतरलो, चंपाबाईसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं... ती ऐकतेय कुठं? ती माझ्या मागं बघतेय. संशय आला मला, पण उशिरा.

"महिनाच ना?" चंपाबाई म्हणाली. "पोरीला न्या सर. गाडं तेवढं हितंच ठिवा."