शुक्रवारची एकोणीस मिनिटं

लिहा, लिहा — माझ्याकडे बघून थांबू नका. मी काही तपासायला आलेलो नाही. मी आपला बाकावर टेकलोय, ताई बाहेर आल्या की त्यांच्याकडून एक कागद घ्यायचा आणि निघायचं. नाही, वर्गाला नाही. वर्गाला यायचो — आम्ही दोघं यायचो, दर शनिवारी चार वाजता, आत खिडकीजवळची निळी चटई आमची. तुमचा कितवा शनिवार? तिसरा? मग बाहुली झाली असेल. मान कशी धरायची ते शिकवतात ती — तिची मान मुळातच सैल आहे, कुणीही धरली तरी लटकते, त्यामुळे पहिल्या दिवशी झाडून सगळे बाप नापास. आणि पोटाला वाळूची पिशवी बांधून बुटाची नाडी बांधायला लावतात, ते झालं? ते पुढच्या वेळी असेल. मी वाकलो तो उठेचना. आमची ही इतकी हसली की ताईंनी तिला पाणी आणून दिलं. म्हणाली, अडतिसाव्या वर्षी बाप होतोय, याचं सगळंच उशिरा, उठणंसुद्धा.

अठरा लिहिलंत, मग वीस, मग सोळा — नाही हो, मुद्दाम वाकून नाही बघितलं, दिसलं. सारखा आकडा लिहीत नाही तुम्ही, हे बरंय. रागावू नका, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. संध्याकाळी जेवण झालं की बायकोने डाव्या कुशीवर पडायचं, पोटातल्याच्या दहा हालचाली मोजायच्या आणि दहा व्हायला किती मिनिटं लागली ते नवऱ्याने त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं — एवढंच तर काम दिलंय ताईंनी आपल्याला. रोज लिहिलेला तक्ता ओळखू येतो. एक आकडा निळा, एक काळा, एखाद्यावर चहाचा डाग. तुमचे सातही दिवस एकाच पेनाचे आणि एकाच तिरकेपणाचे आहेत. बसा हो, उठताय कशाला — तुमच्या मिसेस पाणी प्यायला गेल्यात ना, मग येतीलच.

मी पाण्याच्या पंपघरात आहे. सोळा वर्षं झाली. दर तासाला लोखंडी जिना चढून नऊ काट्यांचा दाब बघायचा आणि वहीत उतरवायचा. पहिला महिनाभर चढलो. मग आमच्या एका जुन्या माणसाने मला बाजूला घेतलं — अरे, काटा हलत नाही, तू कशाला हलतोस. खुर्चीत बसून लिही. फक्त सारखं लिहू नकोस. चार पूर्णांक दोन, मग चार एक, परत दोन, मधेच एखादा तीन — साहेबांनी वही उघडली की आकडे जरा खालीवर दिसले पाहिजेत, म्हणजे त्यांना वाटतं माणूस जिना चढलाय. सोळा वर्षांत काही झालं नाही. प्रौढी नाही मिरवत. काहीच झालं नाही म्हणून तर अंगवळणी पडलं. जित्याची खोड — जाऊ द्या.

सुरुवातीला मोजलं हं आम्ही. खरंच मोजलं. ही कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी, घरी आली की पाय असे सुजलेले — पण जेवण झालं की कुशीवर पडायची आणि म्हणायची एक, मी रेघ मारायचो. दोन, रेघ. सहा-सातपर्यंत धडाधड यायचे आणि मग हा थांबायचा. ही म्हणायची, बापावर गेलाय, काम अर्धवट टाकतो. मुलगा की मुलगी माहीत नव्हतं, पण ही 'तो'च म्हणायची. मी पोटाशी तोंड नेऊन म्हणायचो, चल रे, तीन राहिले, वही बंद करायचीय. ती वीस-वीस मिनिटं — तुम्हाला सांगतो, तेवढी मिनिटं सोडली तर मी काही जगलोय असं मला वाटत नाही आता.

मग तिला तिसऱ्या-चौथ्यालाच डोळा लागायला लागला. आता मला सांगा, उठवायचं? दमून झोपलेल्या पोटुशी बाईला हलवून उठवायचं, की बाई गं, अजून सहा राहिलेत? तुम्ही उठवता? नाही ना. मीही नाही उठवलं. पांघरूण घातलं आणि अठरा लिहिलं. सकाळी तिने विचारलं, झाले का काल दहा? मी म्हटलं, झाले की, तू झोपलीस तरी मी हात ठेवून मोजले. एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी परत तेच बोललो. तिला इतकं बरं वाटलं — तिने आईला फोन करून सांगितलं, हे स्वतः मोजतात, हात ठेवून बसतात. सासूबाई माझ्याशी कधी चार शब्द धड बोलल्या नव्हत्या, त्या फोन मागून घेऊन म्हणाल्या, जावईबापू, माझ्या लेकीचं नशीब. आता त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ताईंनी तर वर्गात आमचा तक्ता वर धरून सगळ्यांना दाखवला. बघा, एक दिवस रिकामा नाही, बाबा असावा तर असा. मी खाली बघितलं. सगळ्यांना वाटलं लाजतोय.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? सांगतो. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. त्या शनिवारी माझी दुपारची पाळी होती, ही एकटीच वर्गाला येणार, तक्ता घरी विसरेल — म्हणून मी बुधवारीच कामावर जाता जाता शुक्रवारपर्यंतचे चौकोन भरून टाकले आणि कागद या दारावरच्या पेटीत सोडला. हीच पेटी. बुधवारी संध्याकाळी ही म्हणाली, आज जरा गप्प वाटतोय का हो? मी म्हटलं, काल तर सतरा मिनिटांत दहा झाले, झोपला असेल. गुरुवारी परत म्हणाली. दवाखान्यात जाऊन येऊ का, म्हणाली. आणि मी — मी म्हटलं, तू दमतेस ना, म्हणून तुला कळत नाही, माझ्या हाताला कळतं. हे मी कुणाला बोललेलो नाही. सासूबाईंनाही नाही, तिला तर नाहीच. शुक्रवारी सकाळी ती माझं न ऐकता स्वतःच निघाली, मी मागून गेलो. दुपारी झालं. मुलगाच होता. दोन्ही हातांत दिला त्यांनी माझ्या, पांढऱ्या फडक्यात. मी मानेखाली हात घातला, ताईंनी शिकवला तस्सा. मान अगदी बरोबर धरली होती मी.

डॉक्टर म्हणाले, बाळ पोटातच जाऊन दोन दिवस तरी झाले असावेत. हिच्यासमोरच म्हणाले. ही म्हणाली, तुमचं चुकतंय, हे रोज हात ठेवून मोजत होते, आमच्या तक्त्यात आहे सगळं. पडल्या पडल्या त्यांच्याशी भांडली माझ्या बाजूने. तेव्हापासून घरात शब्द नाही. बोलली तर एवढंच, तो तक्ता आणा. त्याचा फोटो नाही, नाव ठेवलेलं नाही, शिवलेले कपडे सासूबाई बांधून घेऊन गेल्या. तो होता, हलत होता, याचा तेवढाच एक कागद आहे तिच्यासाठी. आणि त्या कागदावर शुक्रवार भरलेला आहे हो. शुक्रवार संध्याकाळ, एकोणीस मिनिटं. त्याआधी गुरुवार, एकवीस. माझ्या अक्षरात.

चार आठवडे टाळलं. ताई रजेवर आहेत म्हटलं, वर्ग बंद होता म्हटलं. शेवटी वाटलं, आपणच आधी हातात घ्यावा. पण घेऊन करू काय, ते नाही सुचलेलं अजून. शेवटचे दोन चौकोन फाडले तर विचारेल का फाडले. हरवला म्हणावं तर तिच्याकडे काहीच उरत नाही. खरं सांगावं — ते तोंड माझ्याकडे नाहीये. एक मात्र झालं. आज दुपारी बारा वाजता तिचा फोन आला. महिन्याभरात पहिल्यांदा. घरी किती वाजता येणार, म्हणाली. आवाज स्वच्छ होता, रडका नाही. मी म्हटलं, साडेपाचपर्यंत येतो. बरं, म्हणाली. तेव्हापासून जरा धीर आलाय, म्हटलं निवळतंय बहुतेक.

तुमचं पेन द्या इकडे. नको, राहू दे, तुम्हीच खोडा ते सात आकडे. मिसेस आल्या की त्यांच्यादेखत खोडा. त्या चिडतील, चिडू देत. आणि झोपल्या तर हलवून उठवा, कितीही —

या ताई, नमस्कार. हो, बरी आहे. म्हणजे आहे घरी. नाही, बसत नाही आत, मी फक्त तो हिचा तक्ता — तेवढा दिला असतात तर —

कधी?

आज सकाळीच नेला. ही आली होती? एकटी आली, दोन जिने चढून? बरोबर कुणी नव्हतं? काही बोलली का, ताई? — बाकावर बसली. याच बाकावर. उघडून वाचत बसली होती. बराच वेळ. किती वाजता असेल हे? अकरा. म्हणजे बारापर्यंत तिचं वाचून झालं असणार. बाराला फोन केला तिने मला.

नाही ताई, मला काही होत नाहीये. पाणी नको. जा तुम्ही, तुमचा वर्ग थांबलाय. तुम्हीही जा हो, त्या बघा तुमच्या मिसेस आल्या, चटया संपतील. कशाला बघताय माझ्याकडे, जा म्हटलं ना. दार लावून घ्या. मी बसतो इथे जरा, साडेपाचला अजून वेळ आहे.