कॅप्टनसाहेबांची सरळ रेघ

कॅप्टन सामंत : ...तेव्हा पगारे, चौकशीत एवढंच म्हणायचं. त्या कोळ्यांच्या मचव्यावर दिवा नव्हता. बस्स.

लता : चहात साखर चालते ना, कॅप्टनसाहेब? मुद्दाम यासाठी नाशिकला आलात?

कॅप्टन सामंत : छे छे, वहिनी. पंचवटीत काळारामाचं दर्शनही घेतलं.

लता : नीट आत सोडलं ना? आमच्या सासऱ्यांनी तरुणपणी त्या दारात लाठ्या खाल्ल्या होत्या, म्हणून विचारलं.

कॅप्टन सामंत : जुन्या गोष्टी त्या. आता बघा, तुमचे मिस्टर माझ्या जहाजावर सेकंड ऑफिसर आहेत.

भिमाजी : सर, दिवा होता. धुक्यात उशिरा दिसला, पण होता. मी ओरडलोसुद्धा.

कॅप्टन सामंत : रडारवर काही नव्हतं.

भिमाजी : लाकडाचा मचवा रडारवर धड उमटत नाही, सर. म्हणून तर कांडल्याहून निघताना मी मार्ग बाहेरून आखला होता. मासेमारीचा पट्टा टाळून.

कॅप्टन सामंत : उगाच लांबचा वळसा.

भिमाजी : तो तुम्ही रबरानं खोडलात आणि पट्टी लावून सरळ रेघ मारलीत. थेट मचव्यांच्या गर्दीतून.

लता : अगं बाई! समुद्रातसुद्धा शॉर्टकट असतो?

भिमाजी : त्या संध्याकाळी मुंबईत मालकांकडे पार्टी होती.

लता : मग बरोबर आहे. पार्टीला उशिरा जाणं बरं दिसत नाही.

कॅप्टन सामंत : वहिनी, जहाज चालवणं म्हणजे तुमच्या शाळेतला फळा पुसणं नव्हे.

लता : नाहीच मुळी. चुकीचा फळा पुसला तर कुणी बुडत नाही.

भिमाजी : धुकं दाटल्यावर मी म्हणालो, वेग कमी करू, भोंगा वाजवू. नियमच आहे तो. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात.

कॅप्टन सामंत : अहो, मालकांचे मेहुणे केबिनमध्ये झोपले होते. त्यांना हवा मानवत नव्हती.

लता : अरेरे. भोंग्यानं झोपमोड झाली असती बिचाऱ्यांची.

भिमाजी : झालीच. मचव्याला धडकलो तेव्हा उठले. बाहेर येऊन मला विचारतात, मुंबई आली का?

लता : आणि मचव्यावरची माणसं?

भिमाजी : बाकीच्यांना वर ओढून घेतलं. मचवा हाकणारा त्यांचा तांडेल सापडला नाही. दुपारपर्यंत शोधत होतो.

कॅप्टन सामंत : मला का दुःख नाही? पण माझी सगळी हयात समुद्रावर गेली, पगारे. ती एका होडक्यापायी मातीत घालायची? आणि तुमचंही बघा. तुमच्या लोकांतून इतक्या वर आलेला माणूस! पुढच्या वर्षी चीफ ऑफिसर करतो, माझा शब्द. नाहीतर... आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कुठलीच कंपनी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

लता : ऐकलंत का हो? बढती आणि दम, एकाच बशीत.

भिमाजी : लता, थांब जरा. सर, चहा घ्या, निवेल. चौकशीत मी जे झालं ते सांगणार आहे.

कॅप्टन सामंत : घाई नको. शांतपणे विचार करा.

भिमाजी : केलाय. तो तांडेल सापडत नव्हता तेव्हाच केला.

(चौकशीचा निकाल लागल्यावर. भिमाजी मुंबईहून नुकताच घरी आला आहे.)

लता : उभे का असे? बसा आधी. काय झालं?

भिमाजी : सरांचं सर्टिफिकेट काढून घेतलं. दोन वर्षांसाठी.

लता : म्हणजे दोन वर्षं फक्त जमिनीवरच धडका द्यायच्या. आणि तुमचं?

भिमाजी : मला ठपका नाही. पण कंपनी म्हणाली, सध्या तुमच्यासाठी जहाजावर जागा नाही.

लता : एवढाली जहाजं, डोंगराएवढा माल भरतात, आणि तुमच्यापुरती जागा नाही! हत्ती आहात काय तुम्ही?

भिमाजी : चेष्टा करू नकोस गं.

लता : रडण्यापेक्षा बरी. माझी शाळा आहे, घर चालेल. तुम्हाला राहवेल का इथे, समुद्राशिवाय?

भिमाजी : नाही राहवणार. दुसऱ्या कंपन्यांत विचारून बघेन. नाही म्हणतील. पुन्हा विचारेन.

लता : त्या तांडेलाच्या घरचं कुणी आलं होतं?

भिमाजी : भाऊ आला होता, वेरावळहून. मी साक्ष देऊन बाहेर आलो, तेव्हा दारातच उभा होता.

लता : काय म्हणाला?

भिमाजी : माझी बॅग उचलली आणि व्ही.टी.पर्यंत बरोबर चालत आला. मी दोनदा मागितली. दिली नाही.