यामानाशीचा द्राक्षरस

हसू नका, पण बेचाळिसाव्या वर्षी मी इथे टोकियोत, फुनाबोरीच्या नदीकाठी सायकल शिकले. दोन महिन्यांत नवऱ्यानं, मंदारनं, मला यामानाशीच्या द्राक्षमळ्यांत नेलं. दोन दिवस सायकलवर, जुन्या कौलारू गावांतून. गाइड नाही, मोबाईलवर नकाशा, बॅगा परस्पर मुक्कामाला. साहेबांचा सगळा डोळा वाइनवर.

पहिल्याच चढावर मी उतरले आणि सायकल ढकलत वर पोचले. तिथेच वाइनरी. काउंटरवरच्या आजींनी आमची हेल्मेटं पाहिली आणि ग्लास मागे घेतले.

"सायकलवर आलात? मग वाइन नाही, कायदाच आहे. द्राक्षाचा रस देते."

एवढं प्लॅनिंग करून हेच वाचायचं राहिलं होतं! मंदार माझ्या कानात म्हणाला, "अगं, सांग ना, तू ढकलत आलीस म्हणून. खोटं थोडंच आहे? तुला देतील, मी नुसता वास घेईन."

आजींनी मला विचारलं, "तुम्हीही सायकल चालवता?"

असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "मीही चालवते. मलाही रसच द्या."

मंदार अजून रुसलाय. पण खरं सांगते, तो रस मला असा काही चढला, की पुढचा चढ मी एकदाही पाय न टेकता पार केला.