एका डोळ्याचे तीस टक्के

खरं सांगू का, एक डोळा नसल्याचा मला कधीच तरास झाला न्हाई. तरास होता तो शेजारच्या दिगंबरकाकांचा. सकाळी कामाला निघताना मी समोर दिसलो की अपशकुन झाला म्हणून काका घरात परत जायचे आणि पाणी पिऊन पुन्हा निघायचे.

गेल्या महिन्यात मी दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढायला नांदेडच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तीस टक्के."

म्हणलं, "साहेब, अख्खा डोळा गेलाय की!"

"दुसरा चांगला आहे ना? मग कायद्यानं तीसच. चाळीस भरल्याशिवाय सवलत मिळत नाही."

मी तो कागद घेतला आणि सरळ लॅमिनेशन करून आणला. दुसऱ्या दिवशी काका कंधारच्या गाडीला निघाले, मला बघून माघारी वळले. मी वाटेतच उभा राहिलो.

"थांबा काका. सरकारसुद्धा मला अपंगात धरत न्हाई. आता परत फिरायचं काम न्हाई. हे घ्या, वाचा."

काकांनी कागद लांब धरला, मग नाकाजवळ नेला, मग उन्हात जाऊन बघितला. शेवटी माझ्याच हातात देत म्हणाले, "लई बारीक लिहिलंय रे. तूच वाच."

मी वाचून दाखवला, शिक्क्यासकट. मग म्हणलं, "काका, दवाखान्यात अपंग तपासायचं बोर्ड बुधवारी बसतंय. जाऊन या. तुमचे चाळीस आरामात भरतील."